नागपूर पहिले, भिवंडी शेवटी? मालवाहतुकीच्या क्षमतेची तुलना करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या चार पट्ट्यांची मालवाहतुकीची क्षमता ताडून पाहायची आहे: भिवंडी, नाशिक-सिन्नर, छत्रपती संभाजीनगर-जालना आणि नागपूर-वर्धा. प्रश्नकर्त्याने एक तक्ता केला. महामार्ग किती पदरी, रेल्वे जंक्शन आहे का, विमानतळ किती जवळ, औद्योगिक जमीन किती मोकळी, जमिनीचा भाव काय, अशा प्रत्येक बाबीला दहापैकी गुण दिले. बेरजेत नागपूर पहिले आले, भिवंडी शेवटी. पण प्रत्यक्षात कंपन्या गोदामे भिवंडीलाच घेतात. मग तक्ता चुकला की बाजार? आणि ‘शाश्वत वाहतूक’ हा रकाना यात नेमका कुठे बसवायचा?

बाजार चुकलेला नाही. तक्त्यातले आकडेही खोटे नाहीत. अडचण एवढीच की तक्त्याने सोयी मोजल्या, माल मोजलाच नाही. रस्ता, रूळ, जमीन डोळ्यांना दिसतात, नकाशावर काढता येतात, म्हणून सगळे अहवाल तिथूनच सुरू होतात. ट्रान्सपोर्टवाला नव्या जागेबद्दल पहिल्यांदा विचारतो ते वेगळेच: ‘तिथून परत काय भरायचं?’ या धंद्याच्या नियोजनात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि याहून चांगला पहिला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

भिवंडीपासूनच सुरू करू, कारण तक्त्याला सगळ्यात जास्त छळणारी तीच आहे. मुंबई महापालिकेची जकात ३० जून २०१७ पर्यंत होती. माल शहराच्या हद्दीत शिरला की जकात भरायची, मग तो विकला जावो की पडून राहो. त्यामुळे मुंबई-आग्रा महामार्गाने उतरलेला ट्रक हद्दीबाहेरच रिकामा करायचा आणि गिऱ्हाईक ठरले की तेवढाच माल टेंपोने आत पाठवायचा, अशी रीत पडली. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांतली भातशेती अशी गोदामांखाली गेली. जीएसटी आला, जकात गेली, तेव्हा भिवंडी आता ओस पडणार असे ठामपणे सांगणारे पुष्कळ होते. घडले उलटे. पूर्वी परराज्यात विकलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवत. ती गरज संपल्यावर चार लहान गोदामांऐवजी एक मोठे परवडू लागले, आणि ते मोठे पडघा-वाशेरेपर्यंत पसरत भिवंडी तालुक्यातच उभे राहिले.

कारण तोवर तिथे नकाशावर न दिसणारी गोष्ट साठली होती. रात्री अकराला सहाचाकी हवी असली तर मिळते. दहा टन आणि साडेतीन टन, दोन्ही गाड्या एकाच फोनवर ठरतात. हमाल आहेत, लोखंडी रॅक बसवणारे आहेत, टायरवाला आणि वजनकाटा आहे, आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्याचे परतीचे भाडे शोधून देणारा ब्रोकर आहे. या दाटीला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही. आणि ती धोरणाने पाच वर्षांत उभी करता येत नाही, हे नव्या लॉजिस्टिक्स पार्कचे उद्घाटन करणाऱ्यांनी एकदा ऐकून घ्यावे.

आता परतीच्या भाड्याकडे. कोणत्याही दोन गावांमधली क्षमता मोजायची एक साधी, स्वस्त आणि बरीच प्रामाणिक युक्ती आहे. एकाच आकाराच्या गाडीचा जातानाचा भाव विचारा आणि येतानाचा भाव विचारा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर त्या मार्गावर माल दोन्ही बाजूंनी वाहतो आहे. येतानाचा भाव जातानाच्या निम्म्यावर आला असेल, तर समजा की अर्ध्या गाड्या डिझेलचे पैसे सुटावेत म्हणून मिळेल ते भरून किंवा रिकाम्याच परतताहेत. हा एक आकडा दहा रकान्यांपेक्षा जास्त सांगतो. हंगामात तो बदलतो, सणाआधी बदलतो, म्हणून एकदाच विचारून चालत नाही, एवढेच.

या कसोटीवर नागपूर तक्त्यात दिसते तेवढे सोपे नाही. देशाच्या मध्यावर असणे ही गोष्ट खरी आहे आणि जीएसटीनंतर तिला अर्थही आला. पण विदर्भात जो माल येतो तो मुख्यतः खोक्यांतला, म्हणजे साबण, औषधे, कपडे, टीव्ही. विदर्भातून जो मोठ्या वजनाचा माल निघतो तो कोळसा, सिमेंट, पोलाद. खोक्यांची बंद गाडी कोळसा भरून परतत नाही आणि कोळशाची वाघिण साबण आणत नाही. दोन्ही दिशांना टनांची बेरीज भरपूर दिसते, तरी गाड्या रिकाम्याच धावतात. संत्र्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेले आणि त्या दिशेचा माल आटला. रस्ता तोच, रूळ तेच, क्षमता मात्र ढाक्यातल्या निर्णयांनी घटली.

नाशिकचे गणित आणखी वेगळे. द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. त्या काळात निफाड-दिंडोरीकडे थंड कंटेनर लागतात आणि ते न्हावा शेवा बंदराहून रिकामे वर आणावे लागतात, कारण नाशिकला थंड कंटेनरातून येणारी आयात जवळजवळ नाही. मग मे महिन्यात त्या कंटेनरांचे काम संपते. कांदा तर निर्यातबंदी आणि निर्यात शुल्काच्या मर्जीवर चालतो. अशा पट्ट्यात ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर पण रेल्वेने बंदराला जोडलेल्या कंटेनर-आगाराची मागणी होते तेव्हा मी विचारतो, वर्षातले उरलेले आठ महिने त्या रुळांवर काय उतरणार? सिन्नर-सातपूर-अंबडचा कारखानदारी माल हे त्याचे उत्तर होऊ शकते, पण मग आराखडा त्या मालाच्या वेळापत्रकावर करायला हवा, द्राक्षांच्या फोटोवर नव्हे.

तुमच्या तक्त्यात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या संभाजीनगर-जालना पट्ट्यावर मात्र मी जरा थांबेन, कारण तिथे खरी गंमत आहे. जालन्यात सळईचे कारखाने आहेत आणि त्यांना भंगार लागते. आयातीचे भंगार कंटेनरमधून न्हावा शेवाहून येते. सळई बाहेर पडते ती उघड्या ट्रकवर, मराठवाड्यात, विदर्भात, तेलंगणात. म्हणजे कंटेनर जालन्यात भरलेला येतो आणि रिकामा बंदरावर परततो. तिथून फार लांब नाहीत अशा संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती, वाळूज आणि शेंद्रा. तिथल्या वाहनांच्या सुट्या भागांना, यंत्रांना निर्यातीसाठी रिकामा कंटेनर हवा असतो आणि तो बंदरावरून रिकामा वर येतो. एक रिकामा खाली चालला आहे, दुसरा रिकामा वर येतो आहे, आणि दोघे वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडतात. जालन्यात उतरवलेला कंटेनर वाळूजला नेऊन तिथेच भरला तर एक आख्खी रिकामी फेरी वाचते.

कागदावर हे इतके सोपे वाटते की कुणी करत का नाही, असे वाटेल. करतात, पण थोडे. कंटेनर शिपिंग लाइनच्या मालकीचा असतो. एका लाइनने आणलेला कंटेनर दुसऱ्या लाइनच्या निर्यातीला वापरता येत नाही. भंगाराने आतली फळी फाटते, तळ तेलकट होतो, त्यामुळे स्वच्छ माल भरण्याआधी तो धुवून, दुरुस्त करून घ्यावा लागतो. भंगार जड म्हणून वीस फुटी बरा, सुटे भाग हलके म्हणून चाळीस फुटी हवा, असेही असते. आणि मोकळे कंटेनर जमा करून तपासायची जागा बंदराजवळ असते, जालन्यात नसते. जालन्याच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. त्याची खरी किंमत किती मालगाड्या सुटल्या यावर ठरेलच, पण माझ्या मते तिथे आधी रिकाम्या कंटेनरांचे आवार, धुण्या-दुरुस्तीची शेड आणि दोन-तीन मोठ्या शिपिंग लाइनची माणसे बसवायला हवीत. हे काम उद्घाटनाच्या फितीला शोभत नाही, म्हणून मागे पडते.

आता शाश्वततेच्या रकान्याकडे. बहुतेक तक्त्यांत तो शेवटी, वेगळा असतो आणि त्यात विजेचे ट्रक, सौर पॅनेल, झाडे असे काहीतरी लिहिलेले असते. मी तो वेगळा ठेवणारच नाही. का, ते एका हिशेबाने दाखवतो.

नागपूर ते भिवंडी हे अंतर सोयीसाठी ८०० किलोमीटर धरू. २५ टन भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर देतो असे धरले, तर सुमारे २२९ लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ६१३ किलो, टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) ३१ ग्रॅम. तोच ट्रक रिकामा परतला आणि लिटरला साडेपाचची सरासरी दिली, तर आणखी १४५ लिटर आणि ३९० किलो. माल तेवढाच पोचला, पण टन-किलोमीटरमागचा बोजा ३१ वरून ५० ग्रॅमवर गेला. आता त्याच गाडीत पोलादाऐवजी चिप्स-बिस्किटांची खोकी भरा. जागा भरते पण वजन दहाच टन. सरासरी साडेचार धरली, परत रिकामे आले, तर आकडा १०८ ग्रॅमच्या आसपास जातो. तेच इंजिन, तेच डिझेल, तोच रस्ता, आणि फरक साडेतीन पटींचा. गृहीतके बदलून पाहा, ग्रॅम बदलतील, क्रम बदलणार नाही.

म्हणून ज्या पट्ट्यात परतीचा माल मिळतो तो पट्टा एकही नवे वाहन न घेता जास्त शाश्वत असतो. क्षमतेचा आणि शाश्वततेचा रकाना बऱ्याच अंशी एकच आहे. जालना-वाळूजची जी फेरी वाचेल ती सौर पॅनेलच्या कित्येक फलकांपेक्षा जास्त काम करेल आणि तिला अनुदानही लागणार नाही.

विजेच्या ट्रकबद्दल सगळेच विचारतात, म्हणून तेही इथेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची. जड ट्रक किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट खातो असे धरले, तर किलोमीटरमागे ०.९ ते १.०५ किलो. वरच्या हिशेबातला भरलेला डिझेल ट्रक ०.७७ किलो टाकतो. डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा बोजा त्यात मिळवला तरी दोघे जवळपास बरोबरीत येतात. तेव्हा लांबच्या जड वाहतुकीत विजेच्या ट्रकने कार्बन आजच खूप वाचतो, असे कुणी सांगितले तर युनिट कुठून येते ते विचारा. वस्तीतल्या हवेचा फायदा मात्र खरा आणि ताबडतोबीचा आहे. त्यामुळे हे ट्रक कुठे आधी आणायचे याचे उत्तर स्पष्ट आहे: बंदराच्या आतल्या फेऱ्या, बंदर ते कंटेनर यार्ड, गोदाम ते शहर. न्हावा शेवा बंदराने २०२५ मध्ये बॅटरी बदलून चालणारे जड ट्रक याच प्रकारच्या कामाला आणले, ते योग्य ठिकाणी आणले. भिवंडीत गोदामांची छपरे एवढी आहेत की तिथल्या टेंपोंना पुरेल इतकी वीज वरच तयार होऊ शकते. पण भाड्याच्या गोदामात छप्पर मालकाचे, टेंपो तिसऱ्याचा आणि मीटर भाडेकरूचा, या तिढ्यात ते अडते.

रेल्वेचे गणित याहून पक्के आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने धावते, त्यामुळे त्याच कोळशाच्या विजेवरसुद्धा टनामागे ऊर्जा कितीतरी कमी लागते. मग सगळे रेल्वेवर का जात नाही? कारण रेल्वे दारात येत नाही. माल कारखान्यातून ट्रकने यार्डात, यार्डातून वाघिणीवर, पुन्हा उतरवून ट्रकवर, मग दारात. दोन जादा हाताळण्या आणि दोन छोट्या ट्रकफेऱ्या. मधला रेल्वेचा टप्पा लांब असेल तर तिथली बचत हा खर्च भरून काढते. नाशिक ते न्हावा शेवा दोनशेच्या आसपास किलोमीटर, तिथे रेल्वे जिंकणे अवघड. नागपूर आठशेच्या घरात, तिथे जिंकायलाच हवी. जालना साधारण मधोमध, तिथे पूर्ण गाडी भरेल एवढा माल एकत्र जमतो का यावर सगळे अवलंबून. म्हणजे ‘रेल्वेला चालना’ हे एकच धोरण चार पट्ट्यांत चार वेगळी फळे देईल.

शिवाय घाट. कसारा घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. जड मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात, ती जोडण्या-सोडवण्यात वेळ जातो, आणि त्याच मार्गावर प्रवासी गाड्याही आहेत. फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग न्हावा शेवा ते दिल्लीजवळचे दादरी असा १,५०६ किलोमीटरचा, त्यावर एकावर एक असे दोन कंटेनर रचून गाड्या चालतात. पण तो वसई-वापी-सुरतवरून उत्तरेला जातो. नाशिकला, जालन्याला, नागपूरला तो शिवतसुद्धा नाही. आपल्याकडच्या भाषणांत त्याचा उल्लेख महाराष्ट्राच्या फायद्याच्या यादीत येतो तेव्हा हा नकाशा समोर ठेवावा. फायदा आहे तो बंदराचा. विदर्भ-मराठवाड्यासाठी मोलाच्या त्या कमी गाजलेल्या मंजुऱ्या: मनमाड-जळगाव चौथी मार्गिका, जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा मार्ग, ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या वर्धा-भुसावळ तिसऱ्या-चौथ्या मार्गिका. न्हावा शेवाने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे कंटेनर हाताळले, आणि त्यातला रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. बाकी सगळे उरण-पनवेलच्या रस्त्यांवर.

समृद्धी महामार्गाबद्दल तुम्ही नागपूरला दहापैकी दहा दिले आहेत. ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. रस्ता उत्तम आहे, वादच नाही. पण आमणे हे भिवंडी तालुक्यातच आहे. नागपूरहून निघालेला ट्रक वाचवलेले तास घेऊन तिथे उतरतो आणि ठाण्याच्या दिशेला जड वाहनांच्या बंदीची वेळ संपायची वाट पाहत उभा राहतो. पुढे गोदामाच्या दारात उतरवणीचा नंबर, वाराईवरून, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीवरून वाद, पावतीवर सही करणारा माणूस जेवायला गेलेला. आपला ट्रक दिवसाला सरासरी तीनशेच्या आसपास किलोमीटर चालतो असे गेली अनेक वर्षे सांगितले जाते. त्याचे कारण रस्ता फार कमी वेळा असतो, उभे राहणे असते. ट्रकच्या हप्त्याला, विम्याला आणि ड्रायव्हरच्या पगाराला तो उभा आहे की चालतो आहे याच्याशी देणेघेणे नाही. महिन्यात सहाऐवजी आठ फेऱ्या झाल्या तर फेरीमागचा हा ठरलेला खर्च एक चतुर्थांशाने उतरतो, आणि तेवढी बचत रस्त्याचे दोन पदर वाढवूनही क्वचितच होते.

समृद्धीचा आणखी एक परिणाम कुणी बोलत नाही. रस्ता जितका चांगला तितकी रेल्वेची स्पर्धा अवघड. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसाची वजनमर्यादा वाढवली. एका फटक्यात ट्रकने टनामागचा भाव खाली आणला आणि रेल्वेकडचा काही माल रस्त्यावर आला. २०३० पर्यंत मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर न्यायचे राष्ट्रीय रेल्वे योजनेचे लक्ष्य आहे. एका हाताने ते लक्ष्य आणि दुसऱ्या हाताने ट्रकला सवलत, असे दोन्ही चालू आहे. मी रस्त्याच्या विरोधात नाही. पण तुमच्या तक्त्यात समृद्धीचे दहा गुण क्षमतेत जमा होतात आणि शाश्वततेत वजा होत नाहीत, हे पटत नाही.

अनुदानाने हे जमेल का, तर दोन अनुभव शेजारी ठेवून पाहा. शेतमाल नेणारी पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला निघाली. फळे-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. सांगोल्याचे डाळिंब पार बंगालपर्यंत गेले, डिसेंबर २०२० मधली शंभरावी किसान रेल सांगोल्याचीच. सवलतीचा आधार गेल्यावर या गाड्या पाहता पाहता विरळ झाल्या. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर येतो, अडत्याच्या गाळ्यावर थांबतो, भाव पडला तर वाटेत दुसऱ्या मंडीकडे वळतो. गाडीला हे जमत नाही, आणि निम्मे भाडे माफ होते तोवरच ही उणीव झाकली गेली. दुसरा अनुभव कोकण रेल्वेच्या रो-रोचा. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक थेट वाघिणीवर चढवून नेले जातात. माल हाताळावा लागत नाही, ड्रायव्हर सोबतच असतो, उतरला की गाडी चालवत दारात. ट्रकवाल्याने पैसे मोजून ही सेवा घेतली कारण कोकणातला घाटरस्ता टायर आणि डिझेल दोन्ही खातो. इथे रेल्वेने ट्रकवाल्याला गिऱ्हाईक केले. मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण सुधारल्यावर रो-रोचे काय होते, हे मी लक्ष ठेवून पाहणार आहे.

आता राज्यांच्या क्रमवारीबद्दल. केंद्राचा ‘लीड्स’ अहवाल मालवाहतुकीच्या सोयींवरून राज्यांना गटात बसवतो. २०२२ मध्ये महाराष्ट्र वरच्या गटात, २०२३ मध्ये मधल्या गटात, २०२४ मध्ये पुन्हा वरच्या गटात. त्या बारा-बारा महिन्यांत कसारा घाट सपाट झाला नव्हता की भिवंडीचे रस्ते मोकळे झाले नव्हते. या अहवालात वापरकर्त्यांच्या मतांना मोठे स्थान आहे आणि ते उपयोगीही आहे, पण त्यावरून जिल्ह्यातली गुंतवणूक ठरवू नये. राज्याच्या सरासरीत उरण आणि गडचिरोली एकाच बेरजेत येतात. आकड्यांबद्दल सावध राहायला आणखी एक कारण देतो. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १३-१४ टक्के, हे वाक्य वर्षानुवर्षे प्रत्येक भाषणात होते. केंद्राने नीट अभ्यास करवून घेतल्यावर २०२३-२४ साठी तो ७.९७ टक्के निघाला. देशभर धोरणे ज्या आकड्यावर बोलत होती तो जवळजवळ पावणेदोन पट होता.

कार्बनपलीकडची शाश्वतता मी टाळत नाही, पण तिला गुण देता येत नाहीत हे आधी मान्य करायला हवे. डहाणू तालुक्यातले वाढवणचे नियोजित बंदर घ्या. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तिथे खास प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये होकार. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली, खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. खोल समुद्रामुळे मोठी जहाजे थेट लागतील आणि मालगाड्यांचा मार्ग जवळ आहे, त्यामुळे टन-किलोमीटरच्या हिशेबात हे बंदर चांगले दिसेल. मासेमारीवर जगणाऱ्या गावांचा हिशेब त्या एककात मांडताच येत नाही. भिवंडीतही तेच. तिथल्या ६० गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नियोजन प्राधिकरण केले तोवर पाण्याच्या वाटा बुजवून कितीतरी बांधकामे झाली होती. आज पावसाळ्यात त्याची किंमत जो मोजतो तो गोदामाचा भाडेकरू नसतो. तुलना करताना अशा बाबी सरासरीत विरघळवू नका. तक्त्याखाली वेगळ्या परिच्छेदात, गावांच्या नावांसह लिहा.

माझा कौल विचारलात तर असा. आजच्या घडीला भिवंडीला तोड नाही आणि पुढची दहा वर्षे तिला मागे टाकण्यापेक्षा तिला सुधारणे स्वस्त पडेल: ट्रकतळ, ड्रायव्हरला आंघोळीची-झोपायची जागा, उतरवणीला ठरलेली वेळ. नागपूर-वर्धा रेल्वेवर पैज लावायची जागा आहे. २०२४ च्या राज्य धोरणात त्याला राष्ट्रीय महाकेंद्र म्हटले आहे, पण तिथले यश खोक्यांचा माल दोन्ही दिशांना जुळवण्यावर आहे, एकरांवर नाही. नाशिकला शीतसाखळीची लहान, विखुरलेली केंद्रे द्या. एका मोठ्या पार्कने तिथे काम भागणार नाही. आणि संभाजीनगर-जालना हा चौघांत सर्वांत कमी लेखलेला पट्टा आहे. तक्त्यात ती दोन गावे वेगवेगळी मोजली असती तर त्यांचे एकमेकांना पूरक असणे दिसलेच नसते, ती एकत्र घेतलीत हे चांगले केले.

नवा तक्ता कराल तेव्हा चारही ठिकाणच्या किमान तीन-तीन ब्रोकरांकडून भिवंडी, हैदराबाद आणि इंदूर या दिशांचे जातानाचे आणि येतानाचे भाव घ्या, एकदा फेब्रुवारीत, एकदा जुलैत आणि एकदा दिवाळीच्या आधी. प्रत्येक ठिकाणी एक दिवस मोठ्या गोदामाच्या दारात बसून गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे तास लिहून काढा. चहा ड्रायव्हरांबरोबर घ्या, व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये नको. दोन्ही ठिकाणी मिळणारे तास वेगळे असतात.